वसई पाहिलेल्या माणसासाठी पोर्तुगाल: जुन्या वास्तू आणि संग्रहालयं कशी बघावीत

माझं लहानपण वसईत गेलं. किल्ल्यातली छत उडालेली चर्चं, बालेकिल्ल्याच्या दारावरचं दगडी राजचिन्ह, वडांच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती हे सगळं सुट्टीच्या दिवशी खेळायचं ठिकाण होतं. त्या दगडांवर काय कोरलंय, हे मला कळलं ते पोर्तुगालला राहायला आल्यावर. आता दरवर्षी घरचे, मित्रांचे आईवडील, ओळखीच्यांच्या ओळखीचे लिस्बनला येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: काय बघायचं, तिकीट कुठे काढायचं, किती दिवस लागतील? दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. पहिल्यांदा येणाऱ्यांनी हे क्रमाने वाचावं आणि याच क्रमाने तयारी करावी.

आधी दिवस मोजा

पोर्तुगाल नकाशावर चिमुकला दिसतो आणि माणसं आठ दिवसांत बारा गावं लिहून आणतात. मग रोज सामान बांधणं, रोज स्टेशन, आणि प्रत्येक वास्तूत पाऊण तास. असं करू नका. आठ दिवस असतील तर चार लिस्बनला द्या (त्यातला एक सिंत्राचा), एव्होरा आणि तोमार प्रत्येकी एक दिवस लिस्बनहूनच जाऊन-येऊन करा, आणि उरलेल्या दोन दिवसांत कोइंब्रामार्गे पोर्तो. पाचच दिवस असतील तर पोर्तो सोडून द्या. मन घट्ट करून सोडा.

लिस्बन, सिंत्रा, तोमार, एव्होरा, कोइंब्रा, पोर्तो, गिमारांइश ही सगळी गावं रेल्वेने जोडलेली आहेत, गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. बाताल्या आणि अल्कोबासा इथले दोन प्रचंड मठ मात्र रेल्वेवर नाहीत. तिथे बसने जावं लागतं, आणि परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवली नाही तर संध्याकाळ थांब्यावर जाते. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं आगाऊ काढली की बरीच स्वस्त पडतात. सिंत्राची लोकल आपल्या लोकलसारखीच असते, तिचं आरक्षण नसतं.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये एव्होराकडच्या आलेंतेजु प्रांतात पारा चाळिशीला टेकतो. नागपूरच्या माणसाला त्याचं नवल नाही, पण सुट्टीवर आलेल्या सासूबाईंना दुपारी दोनला दगडी चौकात उभं करू नये.

मग वार बघा

ही पायरी चुकवली की सहल फसते. राष्ट्रीय स्मारकं आणि बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सरसकट नाही, सिंत्राचे राजवाडे सोमवारीही उघडे असतात. म्हणून सोमवार सिंत्राला किंवा प्रवासाला द्या आणि बेलेंसाठी, म्हणजे लिस्बनच्या जेरोनिमोस मठाच्या भागासाठी, मंगळवार ते शनिवार यांतला दिवस ठेवा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तेव्हा पर्यटकांना आत फिरता येत नाही.

वारांच्या नावांत एक फसवी गोष्ट आहे. पोर्तुगीज भाषेत वार आकड्यांनी मोजतात आणि मोजणी रविवारपासून सुरू होते. त्यामुळे ‘सेगुंदा-फैरा’, म्हणजे शब्दशः ‘दुसरा’, हा सोमवार. ‘तेर्सा’ म्हणजे तिसरा, तो मंगळवार. पाटीवर नुसता २ लिहून त्याच्या डोक्यावर बारीक ‘अ’ काढलेला असतो. आपला आठवडा सोमवारपासून सुरू होतो असं धरलं की २ म्हणजे मंगळवार वाटतो. माझ्या सख्ख्या मामांनी ‘२ ला बंद’ ही पाटी अशीच वाचली आणि सोमवारी भर पावसात बंद दारापाशी उभे राहिले.

१ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशी जवळजवळ सगळं बंद. शिवाय प्रत्येक गावाची स्वतःची सुट्टी असते: लिस्बनची १३ जून, संत अँथनीची, आणि पोर्तोची २४ जून, संत जॉनची. सुट्टीच्या आदल्या रात्री गावं झोपत नाहीत. बघायला मजा येते, पण दुसऱ्या दिवशी संग्रहालयाचा बेत ठेवू नका.

आणि डागडुजी. इथल्या वास्तू पाचशे-सहाशे वर्षांच्या आहेत, कुठे ना कुठे परांची उभी असतेच. बेलेंचा प्रसिद्ध बुरूज २०२५ मध्ये अशाच कामासाठी बंद केला होता. निघण्याच्या आठवड्यात त्या त्या वास्तूच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन ‘एंसेरादु’ हा शब्द दिसतो का, तेवढं बघा. त्याचा अर्थ बंद.

तिकिटं

गर्दीच्या तीन जागांची तिकिटं घरूनच काढून ठेवा: लिस्बनचा जेरोनिमोस मठ, सिंत्राचा पेना राजवाडा आणि कोइंब्राचं जुनं ग्रंथालय. या तिन्हीकडे वेळ ठरवून प्रवेश मिळतो. बाकी ठिकाणी दारावर तिकीट मिळतं आणि रांग फारशी नसते. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रावर पहिल्यांदा दिसणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात. तीच वेळ, तोच दरवाजा, पैसे मात्र जास्त.

लिस्बोआ कार्ड नावाचं एक कार्ड मिळतं, २४, ४८ किंवा ७२ तासांचं. त्यात बस, ट्राम, मेट्रो, सिंत्रा आणि काश्काइशची लोकल आणि बऱ्याच वास्तूंचा प्रवेश येतो. दिवसाला तीन-चार ठिकाणं बघणाऱ्याला ते परवडतं. पण दिवसाला दोनच ठिकाणं निवांत बघणार असाल, तर कागदावर बेरीज करून बघा. अनेकदा सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. आणि कार्ड असलं म्हणजे रांग टळते असं नाही.

६५ वर्षांवरच्यांना आणि विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, लहान मुलांना अनेकदा प्रवेश मोफत. वयाचा पुरावा लागतो, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. ‘रविवारी फुकट असतं’ असं कोणी सांगेल. राष्ट्रीय स्मारकांमधली मोफत प्रवेशाची सोय पोर्तुगालच्या रहिवाशांसाठी आहे, आणि २०२४ पासून ती रविवारपुरती राहिलेली नाही. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी निवासाचं कार्ड बरोबर ठेवून तिचा जरूर फायदा घ्यावा.

पाटीवरचे अकरा शब्द

पोर्तुगीज शिकून येण्याची गरज नाही. आबेर्तु म्हणजे उघडं. बिल्येतैरा म्हणजे तिकीटखिडकी. एंत्रादा आत, साईदा बाहेर. प्रुइबीदु दिसलं की हात आवरा. मुश्तैरु आणि कोंवेंतु म्हणजे मठ, काश्तेलु म्हणजे किल्ला, पासु म्हणजे राजवाडा. इग्रेजा म्हणजे चर्च, ज्याला गोव्यात आजही इगर्ज म्हणतात. आणि ‘से’ म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तुम्ही पाहिलं असेल, तेच हे ‘से’. पोर्तुगालच्या जुन्या गावांत ‘से’ची पाटी धरून चाललात की बहुतेक वेळा गावाच्या सगळ्यात जुन्या भागात पोचता.

आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणावं, बाईने ‘ओब्रिगादा’. बाकी पाव, बटाटा, चावी, साबण, बादली हे शब्द तर त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले. हॉटेलात चावी मागताना ‘शाव्ह’ म्हणा, आणि पैसे देण्याला ‘पागार’ म्हणतात हे ऐकून आपला पगार आठवेल. आईवडिलांना घेऊन येणार असाल तर त्यांना हे शब्द आधी सांगा. अनोळखी देशातली भीती त्याने निम्मी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दगड वाचायला शिका: बेलेंचा दिवस

पहिली वास्तू जेरोनिमोस मठच ठेवा. त्याचं कारण सांगते.

राजा मॅन्युएल पहिला याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, हा मठ बांधायला घेतला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचून परतला होता, आणि आशियातून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावर पाच टक्क्यांच्या आसपास कर बसवून त्या पैशातून हे बांधकाम चाललं. मिऱ्यांचा पैसा. म्हणजे या खांबांत मलबारच्या वेलींचा हिस्सा आहे, हे आत शिरण्याआधीच मनाशी धरा.

त्या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीत तीन खुणा सतत दिसतात. पहिली, ढाल, तिच्यात पाच लहान ढाली. हे राज्याचं चिन्ह. दुसरी, कड्यांनी बनलेला गोल, म्हणजे आकाशातल्या गती दाखवणारं गोलयंत्र. हे मॅन्युएल राजाचं स्वतःचं चिन्ह. तिसरी, टोकांना रुंद होत गेलेला क्रूस, जो जहाजांच्या शिडांवर असे. या तिघांभोवती दगडात कोरलेले जहाजाचे दोर, गाठी, पानं, फळं. मुलं बरोबर असतील तर त्यांना या तीन खुणा मोजायला लावा. माझा भाचा चौकात शिरल्यापासून अर्ध्या तासात चाळीसच्या पुढे गेला होता आणि त्याला बाहेर काढणं अवघड झालं. वसईच्या बालेकिल्ल्याच्या दारावर याच घराण्यातली चिन्हं आहेत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चचा जुना दरवाजाही याच शैलीतला.

मठाचे दोन भाग आहेत आणि नवखा माणूस इथे गोंधळतो. चर्च वेगळं, आणि चौक व भोवतीच्या दुमजली ओवऱ्या वेगळ्या. ओवऱ्यांना तिकीट लागतं. सकाळी उघडायच्या आधी वीस मिनिटं पोचा आणि आधी ओवऱ्या बघा, कारण सकाळचं तिरपं ऊन कोरीवकामावर पडतं तेव्हा दोरांचा प्रत्येक पीळ दिसतो. वरच्या मजल्यावरही जा. लोक खालच्या खाली फिरून परततात.

चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाची कबर आहे, उजवीकडे महाकवी लुईश दि कामोंइशचं स्मारक. कामोंइश काही काळ गोव्यात राहिला होता. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये या मठात आणले. बहुतेक पर्यटक इथेच फोटो काढून वळतात. तुम्ही सरळ पुढे, वेदीपर्यंत चालत जा. तिथे मॅन्युएल आणि त्याच्या वंशजांच्या कबरी आहेत, आणि त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर पेललेल्या आहेत. पोर्तुगालच्या राजांना शेवटची झोप हत्तींच्या पाठीवर घ्यावीशी वाटली, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. जाता जाता छताकडे बघा. इतक्या बारीक खांबांवर तोललेलं हे दगडी छत १७५५ च्या भूकंपातून वाचलं.

तिथून नदीकडे गेलात की दर्यावर्दींचं मोठं स्मारक दिसतं. ते प्राचीन नाही. १९६० मध्ये, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत उभारलेलं सिमेंटचं बांधकाम आहे. त्यात इतिहासापेक्षा त्या राजवटीला आपला इतिहास कसा दिसावा असं वाटत होतं, ते दिसतं. वर चढण्यापेक्षा खालच्या फरशीवरचा जगाचा नकाशा बघा, तेवढं पुरे.

बेलेंचा बुरूज तिथून पंधरा मिनिटांवर. आतल्या खोल्या रिकाम्या आहेत, जिना अरुंद आहे, गुडघ्यांना त्रास असेल तर बाहेरूनच बघा. पण बाहेरून बघताना एक गोष्ट शोधा: पश्चिमेकडच्या एका पहारा-मनोऱ्याच्या तळाशी दगडात कोरलेलं, झिजलेलं गेंड्याचं डोकं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने भारतातल्या पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकेर्क याला एक गेंडा भेट दिला, त्याने तो राजाकडे धाडला आणि १५१५ च्या मे महिन्यात तो जिवंत लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. युरोपात रोमन काळानंतर कुणी गेंडा पाहिला नव्हता. बुरूज तेव्हाच बांधला जात होता. त्या बिचाऱ्या जनावराला पुढे पोपकडे पाठवलं आणि जहाज बुडून ते वाटेत मेलं.

लिस्बनचे बाकीचे दोन दिवस

एक दिवस टेकड्यांवर घालवा. कार्मु मठापासून सुरुवात करा. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत आला आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. कार्मुच्या चर्चचं छत तेव्हा कोसळलं, ते पुन्हा कधी घातलं नाही. कमानी उभ्या, वर आभाळ. वसईच्या माणसाला हे दृश्य घरचं वाटतं. पण वसईची छतं कालांतराने आणि हेळसांडीने गेली, हे एका सकाळीत गेलं. आत छोटं पुरातत्त्व संग्रहालय आहे.

तिथून सांव विसेंति द फोरा मठाकडे जा. हा मठ पर्यटकांच्या यादीत खाली असतो, माझ्या यादीत वर आहे. इथे ब्रागांझा घराण्याच्या कबरी आहेत आणि त्यांत कॅथरीन आहे. हीच ती राजकन्या, जिच्या लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं गेलं. नवरा वारल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये त्याच शहरात वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. मुंबईकर पाहुण्यांना मी इथे आणतेच. त्याच मठात वरच्या मजल्यावर फ्रेंच कवी ला फोंतेनच्या प्राणिकथा निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेल्या आहेत, ३८ चित्रं. त्या कवीने आपल्या काही कथांचं श्रेय पिलपे नावाच्या भारतीय ज्ञानी माणसाला दिलं आहे, म्हणजे मूळ धागा पंचतंत्राचा. मराठी मुलं त्यातल्या काही गोष्टी न सांगता ओळखतात. गच्चीवरून तेजु नदीचं विशाल पात्र दिसतं, तिथे थोडं बसा.

दुसरा दिवस संग्रहालयांचा. सगळी बघायला जाऊ नका, दोन निवडा.

प्राचीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय पहिलं. तिथली बेलेंची सोन्याची कुस्तोदिया शोधा. प्रार्थनेतली पवित्र भाकरी ठेवायचं हे पात्र १५०६ चं आहे आणि त्याचं सोनं वास्को द गामाने दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या सुलतानाकडून खंडणी म्हणून आणलेलं. बारा प्रेषितांच्या बोटाएवढ्या मूर्ती, त्यावर मिनाकाम, इतकं नाजूक की श्वास रोखला जातो. याच सफरीत गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं एक जहाज माणसांसकट जाळलं होतं. पात्राच्या पाटीवर यातलं काही अपेक्षित धरू नका, मनात मात्र दोन्ही ठेवा. त्या सोनाराच्या हाताला दाद द्यायची आणि ते जहाजही विसरायचं नाही, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय. याच संग्रहालयात भारतातल्या कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी घडवलेली हस्तिदंताची आणि शिसवी जडावाची कामंही आहेत. ती पेट्यांची बारीक जडणी बघताना घरच्या जुन्या संदुकीची आठवण येते.

दुसरं, फरशांचं म्हणजे अझुलेजुंचं संग्रहालय. १५०९ मध्ये राणी लेओनोरने स्थापन केलेल्या जुन्या जोगिणींच्या मठात ते आहे. तिथला सुमारे २३ मीटर लांबीचा एक फरशीपट भूकंपाआधीचं लिस्बन नदीकाठाने दाखवतो. म्हणून कार्मु आधी आणि हे नंतर बघावं, म्हणजे काय गेलं ते कळतं. ज्यांना आशियाची ओढ आहे त्यांनी याऐवजी आल्कांतारा भागातलं पूर्वेचं संग्रहालय बघावं. मासे साठवायच्या जुन्या गोदामात २००८ पासून ते आहे.

सिंत्रा

रोसियु स्टेशनवरून लोकलने चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत वीस-तीस मिनिटांचा चढ आहे, आणि स्टेशनवरून फाटकापर्यंत येणारी बस भरून वाहते. वेळेच्या दीड तास आधी सिंत्रा स्टेशनवर असा. उशीर झाला तर सहसा आत सोडत नाहीत.

खरं सांगू का, पेना एकोणिसाव्या शतकातली राजाची हौस आहे, रंगीत आणि देखणी. पण मला गावातला जुना राजवाडा जास्त आवडतो, ज्याच्या स्वयंपाकघराची दोन पांढरी शंकूसारखी धुराडी ३३ मीटर उंच आहेत. स्वयंपाकघरात त्यांच्याखाली उभं राहून वर बघा. तिथे गर्दीही कमी.

याच सिंत्रात पेन्या व्हेर्द नावाची वाडी आहे. गोव्यातला पोर्तुगीज अधिकारी जुआंव द कास्त्रु, ज्याने १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडला, त्याची ती. सोमनाथ पाटणहून नेलेला तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख त्या वाडीत पोचला, आणि अभ्यासकांत तो सिंत्रा प्रशस्ती म्हणून ओळखला जातो. वाडी खासगी आहे, आत जाता येत नाही. तरी त्या रस्त्याने जाताना एवढ्या दूर आलेल्या त्या दगडाची आठवण ठेवा.

लिस्बनबाहेर

तोमारला जाच. लिस्बनहून गाडी दोन तास घेते, स्टेशनवरून चालत वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. हा मठ १२ व्या शतकात टेंपलर योद्ध्यांनी किल्ला म्हणून सुरू केला. पुढे तो ख्रिस्ताच्या संघाकडे आला, ज्याचा क्रूस शिडांवर होता. आतलं गोल प्रार्थनागृह आधी बघा, मग त्या जगप्रसिद्ध खिडकीसमोर जा. जेरोनिमोसमध्ये शिकलेल्या तिन्ही खुणा इथे एका खिडकीत कोंबल्यासारख्या येतात: दोर, साखळ्या, शेवाळ, पोवळी, गोलयंत्रं, वर क्रूस. गावात परतल्यावर पंधराव्या शतकातलं छोटं ज्यू प्रार्थनास्थळही बघा.

एव्होरामध्ये रोमन देवळाचे खांब भर चौकात उभे आहेत, तिकीट नाही. तिथलं हाडांचं प्रार्थनागृह प्रसिद्ध आहे. भिंती आणि खांब हजारो माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेले, आणि दारावर लिहिलंय की आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय. लहान मुलांना नेण्याआधी विचार करा. माझी आई दारातूनच परतली आणि तिचं बरोबर होतं.

कोइंब्राचं विद्यापीठ १२९० मध्ये स्थापन झालं, लिस्बनला, आणि १५३७ पासून ते कोइंब्रात आहे. अठराव्या शतकातल्या ग्रंथालयात ठरलेल्या वेळी गटागटाने सोडतात आणि थोड्याच मिनिटांत बाहेर काढतात. म्हणून आत शिरण्याआधी हे वाचून ठेवा: सोन्याने मढवलेल्या या कपाटांमागे वटवाघळं राहतात. रात्री ती पुस्तकं खाणारे किडे टिपतात, आणि संध्याकाळी कर्मचारी मेजांवर चामड्याची आच्छादनं घालतात. खाली विद्यार्थ्यांचा जुना तुरुंग आहे. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला.

बाताल्याचा मठ १३८५ च्या आल्जुबारोटाच्या विजयाचा नवस म्हणून बांधला. त्यातली अपुरी राहिलेली, आभाळाला उघडी प्रार्थनागृहं बघायलाच जावं. पोर्तोत सांव बेंतु स्टेशनच्या दालनात सुमारे वीस हजार फरशांची चित्रं फुकट बघता येतात. गाडीची वाट बघत ती निवांत बघा. तिथूनच गिमारांइशची लोकल मिळते.

रोजचं थोडं

रबरी तळाचे बूट घाला. इथले पदपथ बारीक पांढऱ्या दगडांचे आहेत, शोभिवंत, पण पावसात काचेसारखे निसरडे. २८ नंबरच्या ट्रामवर आणि बेलेंच्या १५ नंबरवर पाकीटमार असतात, पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. मोठी पाठपिशवी बऱ्याच संग्रहालयांत दारात ठेवावी लागते. फ्लॅश कुठेच चालत नाही. चर्चमध्ये टोपी काढा, खांदे झाका, कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर त्यांच्यासमोर जाऊन फोटो काढू नका. देवळात आपण जे पाळतो तेच.

जेवायला टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. खाल्लंत तर त्याचे पैसे लागतात, नको असेल तर हात लावायचा नाही, कुणी रागवत नाही. शाकाहारी माणसाने कोबीवर्गीय पाल्याचं ‘काल्दु व्हेर्द’ सूप मागताना आत सॉसेजची चकती नको, असं आधी सांगावं. बहुतेक छोट्या खाणावळी दुपारी तीननंतर बंद होतात.

आणि परत गेल्यावर एक काम करा. वसईला एकदा जाऊन बालेकिल्ल्याच्या दारावर ढाल, गोल आणि क्रूस शोधा. मग वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर आलेली चर्चची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. बोटाने ते आकडे चाचपून बघा. लिस्बनमध्ये अशा घंटा तुम्ही ऐकून आलेल्या असाल.